उतारवय आणि लहान मालमोटार

मालेगांव हें नांव उच्चारलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नाशिक जिल्ह्यांतील यंत्रमागांचें मोठें शहर उभें राहतें. परंतु वऱ्हाडांत, वाशिम जिल्ह्यांत, याच नांवाचें आणखी एक गांव आहे. जुन्या जहागिरीच्या आठवणीनें त्यास मालेगांव जहांगीर असेंहि म्हणतात. वाशिमच्या वायव्येस सुमारें २० किलोमीटरवर वसलेलें हें तालुक्याचें ठिकाण असून, अकोल्याहून वाशिम-हिंगोलीकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून जालना व छत्रपति संभाजीनगर यांकडे जाणारा जुना रस्ता येथें एकमेकांस मिळतात. दोन मोठे रस्ते जेथें मिळतात तेथें वाहनांचा इतिहास उघड्यावर मांडल्यासारखा असतो. मोठ्या मालमोटारी धुरळा उडवीत निघून जातात. पण ज्या थांबतात, माल उतरवितात, पुन्हा भरून एखाद्या आडवाटेच्या खेड्याकडे वळतात, त्या बहुतेक लहान असतात. कोणी त्यांस पिकअप म्हणतो, कोणी टेम्पो, कोणी छोटा हत्ती. अशा गाड्यांच्या चाकामागें पुष्कळदां पिकल्या केसांचा, साठीकडे झुकलेला किंवा ती ओलांडलेला गृहस्थ बसलेला दिसतो. तरुणांसाठीं म्हणून बांधलेलें हें वाहन वृद्धांच्या मनांत कां भरलें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे दीडशें वर्षांची वाट मागें चालत जावें लागतें.

वऱ्हाडचे जुने लोक आपल्या प्रांताचे दोन भाग मानीत. पूर्णेच्या खोऱ्यांतील सपाट, काळ्या मातीचा तो पयानघाट. आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगांवरील उंच प्रदेश तो बालाघाट. मालेगांव हें बालाघाटांतलें गांव. पातूर सोडून दक्षिणेस निघालेला रस्ता घाट चढूनच मेडशी-मालेगांवकडे येतो. त्यामुळें येथील मालवाहतुकीचा विचार नेहमींच चढाव आणि वजन या दोन गोष्टींभोंवतीं फिरत आला आहे. लोहमार्ग येण्यापूर्वीं लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हा मुलूख ओलांडीत. १८६१ ते १८६५ या काळांतील अमेरिकन यादवी युद्धामुळें इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसास एकाएकीं भाव आला. १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरास पोहोंचली व तिच्या वाटेवरील अकोला ही कापसाची मोठी पेठ झाली. तेव्हांपासून बालाघाटांतील शेतकऱ्याची बंडी घाट उतरून अकोल्याची वाट चालूं लागली.

या बंडीचा एक अलिखित नियम होता. बैल जसे दणकट लागत, तसा हांकणाराहि दणकट लागे. रात्र जागून काढावयाची, घाटांत चाकाखालीं दगड लावावयाचा, चिखलांत रुतलेलें चाक खांद्यानें रेटावयाचें, हीं तरण्या माणसाचीं कामें. घरांतील वडीलधाऱ्यांसाठीं दमणी असे. हलकी, चपळ बैलजोडीची, प्रवासाला सोयीची. वय वाढलें कीं माणूस बंडीवरून उतरून दमणींत बसे. त्यांत मान होता, आराम होता. पण दमणींत माल जात नसे. म्हणजे दमणी जवळ आली कीं धंदा दूर गेला असेंच समजावयाचें. ज्याच्या घरीं कर्ते मुलगे होते त्याचें निभावून जाई. ज्याच्या घरीं ते नव्हते त्यास साठाव्या वर्षींहि बंडीचा कासरा सोडतां येत नसे. वजन आणि वय यांचा हा झगडा मोटारीचें युग आल्यावर मिटला नाहीं. उलट कांहीं काळ तो अधिकच तीव्र झाला.

मोटारयुगांतील बंडी म्हणजे मोठी मालमोटार. १९५४ सालीं टाटांनीं जर्मनींतील डायम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें जमशेदपूर येथें मालमोटारी बांधण्यास आरंभ केला, आणि हिंदुस्थानच्या रस्त्यांवर ही एक नवी जात वाढूं लागली. तिनें मुलूख जोडला, बाजारपेठा जोडल्या. पण तिची किंमत चालकाच्या शरीरानें चुकविली. अनेक वर्षें या गाड्यांच्या स्टिअरिंगला तेलाच्या दाबाचें साहाय्य नसे. भरलेली गाडी जागच्या जागीं वळवावयाची तर दोन्ही हातांचें आणि खांद्यांचें बळ पणास लागे. क्लच दाबतां दाबतां डावा गुडघा झिजे. इंजिन शेजारींच असल्यानें उन्हाळ्यांत केबिनची भट्टी होई. चढण्या-उतरण्यास लोखंडी पायऱ्या, आणि गाडी मागें घेण्यास क्लीनरची हांक. विशींत या धंद्यांत शिरलेला माणूस पन्नाशीस येई तों त्याची कंबर आणि गुडघे त्यास निवृत्तीचा हुकूम देऊं लागत. परंतु त्या हुकुमाबरोबर निवृत्तिवेतन मात्र येत नसे. दुसऱ्याच्या गाडीवर रोजानें राबलेल्या चालकाजवळ उतारवयांत उरे तें एकच भांडवल: गाडी चालविण्याची विद्या. ती विद्या अंगांत असून देह साथ देत नाहीं, ही त्याची खरी अडचण होती.

याच सुमारास दुसऱ्या बाजूनें लहान वाहनाचा जन्म झाला. १९५८ सालीं नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकारानें बजाज टेम्पो कंपनीनें मुंबईस गोरेगांव येथें हँझीट नांवाची तीनचाकी मालगाडी बांधावयास घेतली. तिची मूळ बनावट हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याची. पुढें कंपनीचा कारखाना पुण्याजवळ आकुर्डीस उभा राहिला, आणि १९६९ पासून तिच्या मॅटॅडोर गाड्या रस्त्यावर आल्या. एका जर्मन कारखान्याचें नांव मराठी भाषेंत इतकें मुरलें कीं आज माल वाहणारी कोणतीहि लहान गाडी, मग ती कोणत्याहि कंपनीची असो, सामान्य माणसाच्या तोंडीं टेम्पोच असते. भाषा एखाद्या वस्तूस असें सामान्यनाम देते तेव्हां ती वस्तु समाजाची गरज झाली असें समजावें. तीनचाकीनें शहरांतल्या गल्ल्या जिंकल्या. परंतु घाटाचा चढ, खेड्याची खांचखळग्यांची वाट आणि भरलेला माल यांपुढें तिचा तोल डळमळे. बालाघाटांतील वाहतुकीस ती पुरी पडणारी नव्हती.

मध्यंतरीं आणखी प्रयत्न झाले. १९४९ पासून मुंबईस माझगांव येथें जीप जुळविणाऱ्या महिंद्र कंपनीनें त्या वंशांतूनच पुढें उघड्या हौद्याच्या दणकट गाड्या काढल्या. १९८० नंतरच्या दशकांत जपानी सहकार्यानें चार कंपन्या हलक्या मालमोटारी घेऊन आल्या. त्यांना उत्तर म्हणून टाटांनीं १९८६ सालीं ४०७ ही गाडी आणली आणि बाजार राखला. १९८८ सालीं टाटामोबिल ही पिकअप निघाली. या गाड्या चांगल्या होत्या. पण एकट्या माणसानें, स्वतःच्या बचतीवर आणि माफक कर्जावर घ्यावी, एकट्यानेंच चालवावी, अशी चारचाकी मालगाडी अद्याप व्हावयाची होती.

ती मे २००५ मध्यें आली. टाटा मोटर्सची ‘एस’ ही गाडी गिरीश वाघ यांच्या प्रमुखत्वाखालीं सिद्ध झाली होती. दोन सिलिंडरांचें, सुमारें ७०० घनसेंटिमीटरचें डिझेल इंजिन, १६ अश्वशक्ति, पाऊण टन माल, मालासकट सर्व वजन १,५५० किलो, वळण घेण्यास ४.३ मीटरची त्रिज्या. आणि किंमत सव्वादोन लाख रुपयांच्या आसपास. मोठ्या मालमोटारीच्या मानानें हें खेळणेंच. पण लोकांनीं त्याचें बारसें ‘छोटा हत्ती’ असें केलें, आणि त्या नांवांत कौतुक होतें तसा विश्वासहि होता. हें वाहन आंखण्यापूर्वीं कंपनीच्या माणसांनीं ठिकठिकाणच्या तीनचाकी चालकांशीं बोलणीं केलीं होतीं. त्यांपैकीं एका खेडेगांवच्या तरुणानें, आपली गाडी चारचाकी असती तर लग्नाच्या बाजारांत आपली किंमत वाढली असती, असें सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. म्हणजे गाडी बांधली गेली ती तरुणाची प्रतिष्ठा डोळ्यांपुढें ठेवून. पुढें अशोक लेलँडची दोस्त २०११ सालीं, महिंद्रची जीतो २०१५ सालीं आणि मारुतीची सुपर कॅरी २०१६ सालीं आली, आणि लहान मालमोटारींचें एक कुटुंबच तयार झालें.

तरुणासाठीं शिवलेला अंगरखा वृद्धाच्या अंगास बरोबर बसला, याचीं कारणें तीन.

पहिलें कारण देहाचें. वय झालेल्या माणसास खोल बैठकीची मोटार नकोशी वाटते, कारण तींत उतरतांना वाकावें लागतें आणि बाहेर येतांना सगळा भार गुडघ्यांवर घेऊन उठावें लागतें. उंच मालमोटार नकोशी वाटते, कारण ती चढावी लागते. लहान मालमोटारीची बैठक या दोहोंच्या मध्यें असते. एक पाय आंत ठेवला, दांड्यास धरलें, कीं माणूस जागेवर येतो. बसल्यावर समोरचा रस्ता उंचावरून दिसतो. गाडी आंखूड व अरुंद असल्यामुळें तिचे चारी कोपरे चालकाच्या अंदाजांत राहतात. मान आणि पाठ ताठरलेल्या माणसास मागें वळून पाहणें जड जातें. जी गाडी थोड्या जागेंत वळते ती त्याचे हे कष्ट वांचविते. स्टिअरिंग हलकें, क्लच हलका, आणि मागें घेतांना हांक देणाऱ्या क्लीनरची गरज नाहीं. अलीकडे २०२२ मध्यें एस गाडीचा विजेवर चालणारा प्रकार निघाला. त्यांत क्लच आणि गिअर बदलण्याचा खटाटोपच उरलेला नाहीं.

दुसरें कारण मालाचें व पैशाचें. ७५० किलो म्हणजे बाजार समितीच्या भाषेंत साडेसात क्विंटल. वाशिम जिल्हा हा सोयाबीन आणि तुरीचा जिल्हा. येथील लहान शेतकऱ्याजवळ एका वेळीं विकावयास जें निघतें तें पुष्कळदां मोठ्या मालमोटारीचा कोपराहि भरीत नाहीं. मोठी गाडी चार शेतकऱ्यांचा माल जुळेपर्यंत थांबते. लहान गाडी एकाच्या दारीं उभी राहते. परततांना तिच्यांत खताचीं पोतीं, सिमेंट, पाण्याची टाकी, एखाद्या लग्नघरचीं भांडीं असें कांहींहि येतें. फेरी जवळची, दिवसा उजेडीं निघून संध्याकाळीं घरीं परतण्याची. ज्यानें उमेदीचीं वर्षें कलकत्ता-मद्रासच्या रस्त्यांवर काढलीं आणि मुलें वाढलेलीं फक्त सुटीच्या दिवसांत पाहिलीं, त्यास रोज घरच्या ताटावर जेवावयास मिळणें ही किती मोठी मिळकत वाटेल, हें सांगावयास नको. शिवाय गाडी बहुधा स्वतःची असते. जन्मभर मालकाच्या हुकमतींत राहिलेला चालक उतारवयांत स्वतः मालक होतो, हा बदल रुपयांत मोजतां येत नाहीं.

तिसरें कारण कायद्याचें. आणि तें शहरी वाचकांस सहसा ठाऊक नसतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें मालवाहू वाहनास परवाना लागतो. परंतु ज्याचें मालासकट वजन ३,००० किलोंहून अधिक नाहीं अशा वाहनास त्याच कायद्यानें परवान्यांतून सूट दिली आहे. चालकाच्या लायसन्सचा प्रश्न मात्र बराच काळ भिजत पडला होता. साधी हलकी मोटार चालविण्याचें लायसन्स असलेल्या माणसानें माल वाहणारी हलकी गाडी चालविली आणि अपघात झाला, तर विमा कंपन्या भरपाई नाकारीत. त्यांचें म्हणणें असें कीं मालवाहतुकीसाठीं वेगळी नोंद हवी. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनीं चालकांच्या बाजूनें निर्णय दिला. त्यावर शंका उपस्थित झाल्यानें प्रकरण पांच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढें गेलें. आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील त्या पीठानें तोच निर्णय कायम केला. ज्या वाहनाचें वजन ७,५०० किलोंच्या आंत आहे तें मालवाहू असलें तरी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवितां येतें, असा त्याचा आशय. यामुळें जन्मभर जीप किंवा मोटार चालविलेला शेतकरी, शिक्षक किंवा निवृत्त कारकूनहि लहान मालमोटारीच्या चाकामागें निःशंकपणें बसूं शकतो. कायद्यानें जणूं वृद्धापुढील दार रुंद केलें.

हा ओढा वऱ्हाडापुरताच आहे असें मात्र समजूं नये. जपानांत १९४९ पासून लहान वाहनांचा एक स्वतंत्र वर्गच कायद्यानें ठरविलेला आहे. आज त्यांतील इंजिनास ६६० घनसेंटिमीटरची व मालास ३५० किलोंची मर्यादा आहे. तेथील मुख्य शेतकऱ्यांचें सरासरी वय ६८ च्या आसपास गेलें असून, भातखाचरांच्या बांधाबांधानें हींच चिमुकलीं वाहनें वृद्ध जोडप्यांना घेऊन फिरत असतात. अमेरिकेचा अनुभव उलट्या बाजूनें तेंच सांगतो. युरोपनें अमेरिकन कोंबड्यांवर जकात बसविली म्हणून अमेरिकेनें १९६४ पासून परदेशी हलक्या मालमोटारींवर २५ टक्के जकात लादली. ती आजवर टिकली, आणि तिच्या छत्राखालीं तेथील पिकअप गाड्या वर्षानुवर्षें थोराड होत गेल्या. १९८२ सालीं निघालेली फोर्डची रेंजर ही लहान पिकअप २०११ मध्यें तेथें बंद झाली. चढावयास उंच व गाडीघरांत न मावणाऱ्या गाड्यांना कंटाळलेल्या वयस्क मंडळींस जुन्या लहान गाडीची आठवण येत राहिली. २०२१ मध्यें मॅव्हरिक ही आटोपशीर पिकअप आणून फोर्डला लहान गाडीकडे पुन्हा वळावें लागलें. देश वेगळे, रस्ते वेगळे; गुडघे मात्र सर्वत्र सारखेच.

तथापि या चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरें नव्हे. गाडी लहान आहे म्हणून वय लहान होत नाहीं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशींतल्या मानानें सुमारें एक तृतीयांशच प्रकाश पोहोंचतो. समोरच्या दिव्यांनीं दिपलेली नजर सांवरावयास त्यास अधिक वेळ लागतो. ज्या गाड्यांत चालक पुढच्या चाकांच्या वर, अगदीं तोंडाशींच बसतो, त्या समोरून आदळल्या तर त्याच्या पायांना फारसा आडोसा नसतो. पाऊण टनाच्या गाडींत दीड टन भरण्याचा मोह तरुणास जसा होतो तसा वृद्धासहि होतो, आणि घाट उतरतांना ब्रेक दोघांचेंहि वय विचारीत नाहींत. कायद्यानें चाळिशीनंतर वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलें आहे. आणि वयाच्या ५५ वर्षांनंतर नूतनीकरण होतें तें एका वेळीं पांचच वर्षांसाठीं. हें प्रमाणपत्र खरोखर डोळे तपासून मिळतें कीं केवळ शिक्का उमटवून, यावर रस्त्यावरील कित्येकांचे प्राण अवलंबून असतात. जपाननें १९९७ पासून वृद्ध चालकांच्या गाडीवर लावावयाचें निराळें चिन्ह सुरू केलें आणि २००९ पासून पंचाहत्तरीनंतरच्या चालकांस लायसन्सच्या नूतनीकरणासाठीं आकलनशक्तीची चांचणी घातली. वृद्धाचा मान आणि रस्त्याची सुरक्षितता हीं दोन्ही राखण्याचा तो प्रयत्न आहे. आपल्याकडे हा विचार अद्याप घरच्या मंडळींवरच सोडलेला असतो, आणि वडिलांच्या हातांतून किल्ली घेण्याचें अवघड काम मुलांना करावें लागतें.

मालेगांवच्या भोंवतालचा रस्ताहि आतां बदलला आहे. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं सुरू झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग मुंबईच्या दाराशीं पोहोंचला. तो वाशिम जिल्ह्यांतून जातो. दुचाकी आणि तीनचाकी वाहनांस तेथें मज्जाव आहे. लांब पल्ल्याच्या वाहनांना अशी निराळी वाट मिळाली, तरी मेडशी, शिरपूर, डोंगरकिन्ही अशा गांवांचा माल कांहीं महामार्गावरून उतरून आपोआप घरीं जात नाहीं. महामार्ग शहरांना जोडतो. शेवटचे पांच-दहा कोस मात्र कोणीतरी वाट ओळखणारा, गांवोगांवच्या माणसांना नांवानें हांक मारणारा, घाई नसलेला चालकच पार करतो. या कामास बळापेक्षां ओळख आणि वेगापेक्षां धीर अधिक लागतो. आणि हे दोन्ही गुण वयाबरोबर वाढणारे आहेत.

बंडी आणि दमणी यांच्यामध्यें पूर्वीं एक दरी होती. एकींत काम होतें पण आराम नव्हता. दुसरींत आराम होता पण काम नव्हतें. त्या दोहोंचा मेळ लहान मालमोटारीनें घातला, आणि म्हणूनच उतारवयांतील माणसास ती आपली वाटली. तिच्याकडे पाहून वृद्धांचा हट्ट म्हणून हंसणें सोपें आहे. परंतु ज्याच्या अंगांत विद्या आहे, ज्यास दुसऱ्याच्या ताटाकडे पहावयाचें नाहीं, आणि ज्याचा देह जड ओझ्यास नकार देऊं लागला आहे, त्यानें आपल्या ताकदीएवढें ओझें निवडावें यांत हट्ट नाहीं, शहाणपण आहे. समाजाचें काम इतकेंच कीं त्याचे डोळे वेळोवेळीं खरोखर तपासले जावेत, त्याच्या गाडींत तिच्या शक्तीहून अधिक माल कोणी लादूं नये, आणि थांबण्याचा दिवस येईल तेव्हां थांबल्यावरहि त्याचें घर चालेल अशी तजवीज असावी. पहिल्या दोन गोष्टी जागरूकतेनें साधण्याजोग्या आहेत. तिसरी साधेल तेव्हां बंडीच्या काळापासून चालत आलेला वजन आणि वय यांचा झगडा खऱ्या अर्थानें मिटला असें म्हणतां येईल.